वासाचं भात आणि बिनमायेचा साक्षीदार

माझ्या आईने आयुष्यात एकदाच माझ्यापेक्षा एका यंत्रावर जास्त विश्वास ठेवला, आणि ते यंत्र कर माफ करवून देशात आणायची सगळी खटपट मीच केली होती. प्रतिस्पर्धी असा वाजतगाजत घरी आणायला नशीब लागतं.

मी मालवणच्या किनाऱ्यापासून जरा आत असलेल्या एका छोट्या संशोधन केंद्रात सामानाची कोठी सांभाळतो. भात, काजू, आंबा हे आमचे विषय. खिळा, खुरपं, काचेची नळी, काहीही हवं असलं की माणसं माझ्या दारात येतात आणि मी आधी थोडा भाव खाऊन मग देतो. कोठीवाल्याने एवढा अभिनय केलाच पाहिजे, नाहीतर लोक वस्तू जपून वापरत नाहीत.

आमच्याकडे भातावर काम करणाऱ्या एक मॅडम आहेत. कुडाळच्या शिक्षकी घरातल्या. ऑफिसात एकदम छापील मराठी बोलतात, पण कुणाच्या पडवीत चप्पल काढली की दुसऱ्या क्षणी मालवणीत उतरतात. जिल्ह्यातली जुनी सुवासिक भातं गोळा करायची आणि कुणात किती वास उरलाय हे तपासायचं, हे त्यांचं काम. नाकाने नव्हे, यंत्राने. वासामागे जो पदार्थ असतो तो दाण्यात किती आहे, हे ते यंत्र मोजतं. त्या पदार्थाचं नाव उच्चारायला मला तीनदा दम घ्यावा लागतो, म्हणून मी त्याला वासच म्हणतो.

यंत्र परदेशातून यायचं होतं. असं काही मागवलं की सीमाशुल्क लागतं. पण संशोधनासाठी असेल तर माफी मिळते. ती फुकट मिळत नाही, वचनं द्यावी लागतात. केंद्राच्या प्रमुखांनी सहीनिशी लिहून द्यायचं की हे आमच्या संशोधनाला अत्यावश्यक आहे. ते दुसऱ्या कामाला वापरणार नाही. पाच वर्षं विकणार नाही, कुणाला देणार नाही. शिवाय ते बसवून चालू झालं की तसा दाखला कस्टमला मुदतीत पाठवायचा. मुलगी देताना बापसुद्धा जावयाकडून इतकं वदवून घेत नाही.

एक शंका विचारायची म्हणून मुंबईच्या कस्टमने आम्हाला बोलावलं, आणि प्रमुखांनी मला पाठवलं, कारण बोलायला मी लाजत नाही. अधिकारी शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिले, चष्मा वर केला.

"भाताचा वास घ्यायला यंत्र?"

"हो साहेब."

"माणसं वास घेत नाहीत तुमच्याकडे?"

"घेतात. पण माणसं साहेब, भूक लागली की चांगलाच वास येतो म्हणतात. यंत्राला भूक नसते."

"यातून पुढे काही विकणार नाही ना?"

"नुसता वास आहे साहेब. वास कोण विकत घेतो?"

"अत्तरवाले," ते म्हणाले, आणि माझं तोंड बंद झालं. असा प्रसंग विरळा. मग ते हसले, प्रमुखांच्या दाखल्यात दोन वाक्यं अधिक स्पष्ट करायला सांगितली, आणि मी परत फिरलो. काम होणार हे कळलं होतं. फक्त वेळ लागणार होता.

आता आईकडे येतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

आमचं घर आत, नांदगावच्या बाजूला. आईचा एक कुणगा आहे, म्हणजे भाताचा एक चौकोन, घरामागचा. त्यात ती लग्नापासून एकच भात लावते. माहेरून आणलेलं, बारीक, वासाचं. बाकी शेतातलं भात आम्ही उकडून रोज खातो; हे मात्र सणाला, पाहुण्याला, आणि कुणी आजारातून उठलं तर पेजेला. पूर्वी चुलीवर ते शिजायला लागलं की वाटेवरून जाणारा माणूस कुंपणाशी थांबून विचारायचा, "आज कोण इलाहा गो?"

मोठी साथ आली तेव्हा आईला ताप आला. ताप गेला, माणूस राहिलं, वास मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो काही आला नाही. आई त्यावर कधी रडली नाही. ती फक्त स्वयंपाक करताना दर वेळी कुणाला तरी हाक मारायला लागली, "बग गो, फोडणी करपता काय?"

आणि वासाच्या भाताचं काय झालं, हे तिला कळेना. आम्ही सगळे छातीठोक सांगायचो, येतो, मस्त येतो. खरं सांगायचं तर मला येतो की नाही ते नीट कळत नव्हतं. आठवणीचा वास येत होता की भाताचा, देव जाणे. बायकोला शंका होती. म्हणून तिने मायेपोटी एक उपाय केला. परसात केवड्यासारखं एक झुडूप आहे. त्याचं पान साध्या भातात घातलं तरी तो वासाचा लागतो. पाहुणे आले की ती ते पान गाठ मारून टोपात सोडायची आणि वाढायच्या आधी काढून टाकायची.

एकदा काढायचं राहिलं. पाहुणे तोंड भरून कौतुक करून गेले. आई टोप खरवडायला बसली आणि हातातल्या डावाला ते पान लागलं.

"ह्यां काय?"

"पान, आई."

"पान माका दिसता गो. नाक गेला, डोळे आसत माजे. वासाच्या भातात वासाचा पान कित्या घातलंस?"

आईने ते पान पाण्याने धुतलं आणि पायरीवर ठेवलं, जणू ते कुणाचं तरी विसरलेलं होतं. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "तुमी सगळी माज्यार माया करतास. म्हणान तुमी सगळी लबाड. तुमच्या एकाच्याय नाकार माजो इस्वास नाय."

"आई, अगो..."

"गप रव. माज्यार माया नाय असो कोणतरी हाड. तो वास येता म्हणात तर पेरीन. नायतर ह्या खेपेक बी उकडून खाऊन सोपवया."

बी माळ्याखाली मुडीत बांधून टांगलेलं होतं, पेंढ्याच्या त्या गोल गाठोड्यात. पेरायचं की उकडायचं, एवढाच प्रश्न. पण एकदा उकडलेलं भात पुन्हा उगवत नाही. आणि आईच्या माहेरी त्या भाताची शेती कधीच बंद झाली होती. ही मुडी चुलीवर चढली की ते संपलंच असतं.

मी म्हटलं, "असो एक येता आसा, आई. परदेशातसून. तेका माया नाय, दया नाय, कोण कोणाचो ता म्हायत नाय."

"खाता काय?"

"वीज."

"मगे बरो आसा. हाड तेका."

हाड म्हणणं सोपं. ते संशोधनाशिवाय कशालाही वापरणार नाही, हा दाखला टाइप करणारा मीच. आईसाठी म्हणून त्यात चिमूटभर तांदूळ टाकणं म्हणजे माझ्याच वचनावर पाय. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमच्या आईचं म्हणून नाही चालणार," त्या म्हणाल्या. "पण जुनं सुवासिक भात असेल तर ते आपल्या संग्रहात हवंच. मी स्वतः येऊन नमुना घेईन, त्याला आकडा देईन, आणि तो कुणाचा हे तपासताना कुणालाच कळणार नाही. तुम्हालाही नाही."

मला वाटलं, आईला हेच तर हवंय.

मॅडम आल्या. पडवीत चप्पल काढली आणि मालवणीत उतरल्या. आईने त्यांना मुडी दाखवली, भात कुठल्या कुणग्यातलं, कधी कापलं, सगळं सांगितलं. मॅडमनी गाठोड्याच्या वेगवेगळ्या बाजूंनी दाणे काढून पिशव्यांत भरले. बायकोने आतून चहा आणला तशी आईने हात आडवा केला.

"बाय, तुजी माज्यार माया आसा?"

"मावशी, आजच वळख झाली."

"तां बरा. मगे चाय पिव नको. चाय प्यालंस की माया लागतली."

आमच्या घरातून चहा न घेता गेलेली पहिली बाई म्हणजे मॅडम. बायको तो कप धरून दारात उभी राहिली होती, तिचं तोंड बघण्यासारखं होतं.

"नाय आला तर नाय म्हणान सांग हां," आईने कुंपणापर्यंत जाऊन बजावलं. "माका काय वाटाचा नाय."

वाटणार होतं. ती परत येताना मुडीखालून गेली आणि हात वर करून तिने मुडीला नुसता स्पर्श केला.

सुरंगी फुलली होती त्या दिवसांत यंत्र आलं. ट्रकमधून लाकडी खोकं उतरलं तसं सगळं केंद्र अंगणात. इतकं दूरवरून, इतक्या वचनांवर आलेला पाहुणा. त्याला तसाच आत घेणार कसं? आमचा पहारेकरी गावच्या देवळातही गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं. त्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला, हात जोडले, आणि आवाज असा लावला की शेजारच्या काजूच्या बागेतले पक्षी उडाले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ह्या तुज्या लेकरांनी समुद्रापलीकडसून ह्यां यंत्र हाडलेला आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"जशी सरकारान तेची जकात माफ केल्यान, तशी तू तेची इडापिडा माफ कर!"

"व्हय म्हाराजा!"

"मधीच लाईट जाव देव नको! गेलीच तर जनरेटराक बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" यात प्रमुखांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग यंत्र खोलीत टेबलावर चढलं. नारळ फुटला. ताटभर कापूर पेटला. अगरबत्त्यांचा अख्खा पुडा लागला. यंत्राच्या कपाळाला, म्हणजे जिथं कपाळ असावं असं आम्हाला वाटलं तिथं, सुरंगीचा हा एवढा गजरा. खिडक्या बंद, कारण वाऱ्याने कापूर विझत होता. मॅडम त्या दिवशी तोंडवलीला शेतावर गेल्या होत्या. नाहीतर वास मोजायला आणलेल्या यंत्राची आम्ही धुरी देऊन पूजा करतोय, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. आम्हा बाकीच्यांच्या मनात शंकेचा कणही नव्हता. नवी गाडी, नवी होडी, नवा पंप, सगळ्यांना आम्ही असंच घरात घेत आलोय.

यंत्र बसवायला पुण्याहून इंजिनिअर आला. स्वच्छ शर्ट, मोजकं बोलणं. सगळं जोडून झाल्यावर त्याने एक रिकामी बाटली यंत्राला दिली. रिकाम्या बाटलीची रेघ सपाट यायला हवी, एवढं मलाही माहीत होतं. पडद्यावर रेघ आली आणि ती सह्याद्रीसारखी दिसत होती.

"अहो, हे काय?" इंजिनिअर म्हणाला.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. यंत्र प्रत्येक शिखराचं नाव सुचवतं, ती नावं त्या वाचत गेल्या. "कापूर. केवढा हा! हे अगरबत्तीचं. हे फुलांचं असावं." मग त्या थांबल्या. "आणि हे... तळणीचं आहे. माशाच्या."

सगळ्यांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे आमची जेवणाची खोली.

पहारेकऱ्याचा चेहरा आनंदाने फुलला. "बांगडो! बरोबर वळाखल्यान! हुशार आसा हां."

इंजिनिअर हसला नाही. "रेघ सपाट आल्याशिवाय यंत्र चालू झालं अशी सही मी करणार नाही," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. त्याची सही नाही तर कस्टमला दाखला नाही, आणि दाखला नाही तर माफीवर गदा. मला मात्र त्या क्षणी कस्टम आठवलं नाही. मुडी आठवली. पावसाआधीच्या धूळपेरणीचे दिवस जवळ आले होते.

घरी रोज ताटावर तोच प्रश्न. "पुसलंस तेका?"

"तेका सध्या कापराशिवाय काय दिसणा नाय, आई."

"देवाधर्माचो दिसता," आई म्हणाली. "घर चांगला आसतला तेचा." पण हातातला घास तिने जरा वेळ तसाच धरून ठेवला. "पेरेचे दीस जवळ इले. तेच्या आदी कळाक व्हया."

मग आमच्या केंद्रात असा काळ आला की तसा पुन्हा येणे नाही. बिनवासाचा काळ. पडदे धुतले, खोली पुसली, भिंती पुसल्या, खिडक्या सताड उघडल्या. बांगड्यांची तळणी थेट गेटाबाहेर फणसाखाली गेली. प्रमुखांनी अत्तर सोडलं. हिशेबाच्या बाईंनी गजरा सोडला आणि नवऱ्याला कारण सांगताना त्यांची फार पंचाईत झाली. मी डोक्याचं तेल सोडलं. माझे केस समुद्रावरच्या केतकीसारखे उभे राहिले आणि त्याच अवस्थेत मी दोन सभांना हजर राहिलो. माणसं एकमेकांचा वास घेऊन मगच आत सोडायची. पहारेकऱ्याने पुन्हा एक गाऱ्हाणं घातलं, पण गेटाबाहेर उभं राहून, कोरडं, ना उदबत्ती ना नारळ. "बा म्हाराजा, मागच्या खेपेक जास्त झाला," एवढंच म्हणाला. आम्ही हळू आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

शिखरं उतरत गेली. शेवटी एके दिवशी रिकामी बाटली लावली आणि रेघ ओहोटीनंतरच्या वाळूच्या पुळणीसारखी सपाट पसरली. इंजिनिअर पहिल्यांदा मोठ्याने हसला, सही केली, आणि कुडाळ स्टेशनला निघताना फणसाखालचे चार तळलेले बांगडे बांधून घेऊन गेला. मी दाखला पाठवला. मॅडमनी नमुने लावायला घेतले. बाटल्या मीच कोठीतून मोजून दिल्या होत्या, त्यांवर नुसते आकडे होते. आमची मुडी त्यांतली कुठली, मला कळायला मार्ग नव्हता. तरी जाता-येता मी प्रत्येक बाटलीकडे नात्याने बघत होतो.

रविवारी सकाळी, आकडे नावांशी जुळवून झाल्यावर, मॅडमचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत आईने फोन हातातून घेतला. मी आवाज मोठा करून दिला. बायको दाराशी, मी खांबाशी, आणि आई मुडीच्या बरोबर खाली उभी.

"मावशी, वास आसा," मॅडम म्हणाल्या. "पण कमी आसा."

आईने वर मुडीकडे पाहिलं.

"चांगल्या वासाच्या भातात जितको गावता, तेच्या अर्धोसुद्धा नाय. बाजूच्या भाताची मिसळ झालेली दिसता. तुमका बरा वाटुचा म्हणान सांगणंय नाय, खरोच आसा. पण कमी."

मला त्या बाईचा राग आला. कमी कशाला सांगायचं? 'आहे' वर थांबली असती तर काय बिघडलं असतं? मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो हळूहळू उजळत होता.

"मगे खराच," आई म्हणाली. "खोटा सांगुचा असता तर भरपूर म्हटला असतंस."

"मी कित्या खोटा सांगतलंय? तुमी माका चाय खंय दिल्यात?"

आई इतकी हसली की फोन बायकोला धरावा लागला. "ये गो," ती हसता हसता ओरडली, "आता ये चाय पिवक! आता माया लागली तरी चलात!"

त्याच दुपारी मुडी खाली आली. आईने भात सुपात घेतलं, पडवीत बसली, आणि दाणा दाणा निवडला. बारीक तो एका बाजूला, जाड, आखूड तो दुसऱ्या. कुणगाही बदलला. आंब्याखालचा, दुसऱ्या भातापासून लांबचा. "मिसळ झाली तर झाली," ती म्हणाली, "निवडूची सवय गेली हुती माजी. येता म्हणत रवलास तुमी, मी निवडूचा सोडलंय." हे तिने चिडून नाही म्हटलं. मी आणि बायको मात्र सुपाकडे सरकून दाणे निवडायला लागलो.

पेर झाली. बियाण्यातून निवडून उरलेले मूठभर बारीक दाणे तिने कांडले आणि एका लहान टोपात शिजायला ठेवले. पान पडू नये म्हणून स्वतः चुलीसमोर पाट टाकून बसली. वाफ यायला लागली तशी मला हाक मारली.

"ये हय. झाकण काडतंय. आता तू सांग."

"मी?"

"तूच. कसो येता ता सांग."

अशी आज्ञा मला मागूनही मिळत नाही. मी पंचा खांद्यावर टाकला, चुलीसमोर उभा राहिलो, डोळे मिटले. आईनेही मिटले. तिचा चेहरा वाफेत होता.

"पयलो," मी म्हटलं, "तो पाटल्यादारान येता. गुपचूप. मांजरासारखो. कोणाक कळणा नाय. मगे चुलीकडे येऊन आंग घासता. मगे दुधार साय धरता तसो जाड जाता. मगे उंबरो ओलांडून पडवीत, पडवीतसून खळ्यात, खळ्यातसून वाटेर! वाटेरचो माणूस थांबता! बैल थांबता! कणकवलीची एसटी थांबता, डायवर खाली उतारता आणि म्हणता..."

"खोटारडो मेलो," आई म्हणाली. डोळे तसेच मिटलेले, आणि तोंडभर हसू. "बोल, कितकाय खोटा बोल आता. खरा काय ता माका कळलेला आसा."

मी थांबलो. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"थांबलंस कित्या?" आईने वाफेतूनच विचारलं. "मांजर खंय पोचला?"